पोटातून आलेली चाल

मुलांनो,

तुमच्या बाबांनी तिकडे तुम्हाला सांगितलं आहे म्हणे, की तुमची आजी तरुणपणी घोड्यावर बसायची, आणि अशीतशी नव्हे, अख्ख्या खानदेशात तिच्या तोडीची बाई नव्हती. तुमच्यातल्या एकीने तर माझ्यावर शाळेत निबंध लिहून शाबासकीही मिळवली. तो माझ्या हाती आला तेव्हा मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. निबंधातली आजी चौखूर घोडा उधळत तापी ओलांडते. मी तापी ओलांडली आहे, पण नावेतून, डोळे मिटून.

आता या उन्हाळ्यात तुम्ही सगळी इथे येणार, बाबा तुम्हाला गावी नेणार, आणि गावात अजून दोन-चार म्हाताऱ्या आहेत ज्यांनी मला घोड्यावर बसलेलं पाहिलं आहे. त्या तुम्हाला खरी हकीगत सांगतील, आणि करूनही दाखवतील. त्यांची नक्कल पाहून तुम्ही हसण्यापेक्षा माझ्या हातचं वाचून हसलेलं बरं. निदान शुद्धलेखन तरी बरोबर राहील.

माझे वडील धुळ्याला वकील होते. घरात घोडा नव्हता. कोर्टात जायला भाड्याचा टांगा यायचा, आणि त्या टांग्याच्या घोड्याशी माझी ओळख फक्त मागल्या बाजूने होती. मात्र पुस्तकं पुष्कळ होती. कुणा साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात वडिलांनी इंग्रजी पुस्तकांचा एक गठ्ठा घेतला होता. त्यात घोडेस्वारीवरचं एक जाड पुस्तक निघालं. मी इंग्रजी शाळेत जाणारी मुलगी. हाताला लागलेलं इंग्रजी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं नाही तर पाप लागतं, अशी माझी समजूत होती. त्यात एक प्रकरण होतं: घोडा दुडक्या चालीने पळायला लागला की स्वाराने रिकिबीत पाय रोवून तालावर उठावं आणि बसावं, उठावं आणि बसावं, म्हणजे हाडं खिळखिळी होत नाहीत. आकृत्या दिल्या होत्या. मी दुपारी दार लावून माजघरातल्या लोडावर बसायची आणि उठण्या-बसण्याचा सराव करायची. लोडाने कधी तक्रार केली नाही. त्यामुळे मला वाटलं, आपल्याला घोड्यावर बसता येतं.

लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी जमीन किती ते विचारलं, आईने घरात माणसं किती ते विचारलं, आणि मी दाराआडून ऐकलं की त्यांच्याकडे घोड्या आहेत. मी तेवढ्यावरच खूश. नवऱ्या मुलाला घोड्यांची भीती वाटते, हे मला लग्नानंतर कळलं.

आमचं गाव नरडाण्याहून बैलगाडीने तासा-दोन तासांवर, तापीच्या अंगाला. घरात सासरे होते, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. सासूबाई आधीच गेल्या होत्या. घर चालवायच्या त्या आबांच्या थोरल्या विधवा बहीण, म्हणजे अक्का. तुमचे आजोबा जळगावला एका जिनिंगमध्ये नोकरीला, मेहरूणला खोली करून राहायचे आणि सणावाराला यायचे. ही सगळी माणसं अहिराणी बोलायची. तुम्हाला कळावं म्हणून मी त्यांचं बोलणं इथे मराठीत घालते आहे. पण काही वाक्यं मराठीत घातली की त्यांचा जीव जातो, ती तशीच ठेवते.

आबांच्या घोड्यांना गावात कुणी नुसतं घोडं म्हणत नसे. त्या रेवाल होत्या. रेवाल ही चाल आहे. साधा घोडा जरा वेगात निघाला की दुडकतो: तिरक्या जोडीचे दोन-दोन पाय एकदम पडतात, दोन आवाज होतात, आणि वरचा माणूस चाळणीतल्या धान्यासारखा उडतो. रेवाल घोडी तशी उडवत नाही. तिच्या एका बाजूचे पाय एकामागून एक पुढे पडतात, मग दुसऱ्या बाजूचे; चार टापा, चारही सुट्या आणि सारख्या. वेग दुडक्या घोड्याइतकाच, पण पाठ पाटासारखी स्थिर. दुडक्या घोड्यावरून बाजाराला गेलेला माणूस घरी आल्यावर आडवा पडायचा. रेवाल घोडीवरून गेलेला जेवायला बसायचा.

ही चाल घोड्याला शिकवताही येते. आमचे शेजारी, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, ते शिकवायचे. शिंगराच्या एका बाजूचे पुढचे-मागचे पाय दोरीने एकमेकांना बांधायचे आणि तसंच चालवायचं. तोंडात काटेरी लगाम. काही महिन्यांत शिंगरू चाल धरायचं. नानांच्या घोड्यांना सारंगखेड्याच्या यात्रेत चांगलं गिऱ्हाईक मिळायचं. पण आबा म्हणायचे, ती चाल नव्हे, ते लंगडणं आहे. चाल पोटातून आली पाहिजे. त्यांची रीत अशी: वळू घोडा रेवाल घराण्यातला शोधायचा, शिंगरू आईच्या अंगाशी नदीकाठच्या पडीत मोकळं पळू द्यायचं, म्हणजे ते आईच्या पायाकडे बघून स्वतःची चाल ओळखतं, दुधाचे दात पडेपर्यंत पाठीवर कुणी बसायचं नाही, तोंडात लोखंड नाही, नुसती सुती दोरीची म्होरकी, आणि पायाला नाल नाही. आमची काळी, मऊ जमीन, तिथे नालेची गरजही नव्हती. धुळ्याहून एक म्हातारा नालबंद दरसाल फेरीवर यायचा. आमच्या ओट्यावर चहा प्यायचा आणि म्हणायचा, "आबा, तुमच्यासारखी आणखी दोन गिऱ्हाइकं मिळाली तर मी टोप्या शिवायला बसेन."

"मग माझी टोपी तूच शिव," आबा म्हणायचे. "डोकं मोठं आहे. कापड जास्त लागेल."

या घरात मी आले ती शिस्त घेऊन. पहिल्याच महिन्यात मी पागेचं टाइमटेबल केलं. दाणा केव्हा, पाणी केव्हा, खरारा केव्हा, सगळं सुंदर अक्षरात, मराठीत आणि शेजारी इंग्रजीत, कारण इंग्रजीत लिहिल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट पक्की वाटायची नाही. गव्हाच्या पिठाची खळ करून कागद पागेच्या भिंतीला डकवला. सकाळी बघते तर भिंत स्वच्छ. आबांची मोठी घोडी, तिला तांबडी म्हणायचे, तिने खळ आधी चाटली होती आणि मग कागद. अक्का म्हणाल्या, "चांगलं झालं. आता तिला पोटातून पाठ झालं असेल."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर आबा पडले. कडब्याची गंजी रचताना वरून घसरले, आणि खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याहून डॉक्टर आला, फळ्या बांधल्या; हाड जुळलं, पण वाकडं. काठी घेऊन ते दारापर्यंत जायचे, पुढे नाही. बैलगाडीत बसवलं तर पहिल्याच चाकोरीला ओठ पांढरे पडायचे. त्यांची जमीन नदीकाठाला, गावापासून दूर. ज्या माणसाने रोज पहाटे शेताचा बांध पाहिल्याशिवाय पाणी प्यायलं नव्हतं, तो ओट्यावर बसून दुसऱ्यांना विचारायला लागला, "आज कपाशी कशी आहे?" आणि सांगणारा सांगायचा, "बरी आहे." बरी म्हणजे काय, ते आबांना कळायचं नाही, आणि कळायचं नाही म्हणून ते जेवायचे नाहीत.

मग एके दिवशी त्यांनी हट्टाने तांबडीला ओट्याशी लावायला सांगितलं. गड्यांनी धरून बसवलं. ती निघाली. आबा कोपऱ्यावर जाऊन वळले, परत आले, आणि म्हणाले, "दुखत नाही." तेव्हापासून ते पुन्हा रोज शेतावर जाऊ लागले. पाठ पाटासारखी स्थिर, असं मी वर लिहिलं ते शोभेसाठी नव्हे. त्या पाठीवर आबांचं सगळं जगणं टेकलेलं होतं.

पण तांबडी म्हातारी होती. तिचे दात झिजले होते. दाणा भिजवून द्यावा लागायचा. तिच्या पोटातून एक तरी रेवाल शिंगरू निघायला हवं होतं. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडे वळू घोडा होता, त्याच घराण्यातला. आबा तांबडीवर बसून, सोबत गडी घेऊन, मुक्काम करत सावद्याला गेले. वाटेत मेहरूणला तुमच्या आजोबांच्या खोलीवर थांबले. तांबडीने तलावाचं पाणी प्यायलं आणि घरमालकाचं वाळत घातलेलं धोतर चघळलं. तुमचे आजोबा रात्रभर खोलीचं दार आतून लावून बसले होते, न जाणो ती आत येईल म्हणून.

पुढल्या साली तांबडी व्याली. घोडी झाली. तिला लहानी म्हणू लागले. आबा तिच्यामागे वेडे झाले. ती नदीकाठी आईशेजारी पळायची तेव्हा कधी उधळायची, कधी दुडकायची, पण मधूनच, आईच्या पायाशी पाय लागले की, चार सुट्या टापा ऐकू यायच्या. आबा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. "आयक," म्हणायचे, "आयक." आम्ही सगळे श्वास धरून ऐकायचो. चाल पोटात होती. प्रश्न एवढाच होता, की पाठीवर माणूस बसल्यावर ती राहते का.

लहानीचे दुधाचे दात पडले. आता तिच्यावर पहिल्यांदा कुणी बसायचं? आबांना ते शक्य नव्हतं. कोवळ्या घोडीने एक उसळी मारली असती तर खुबा कायमचा गेला असता. गडी अंगाने दांडगे. कोवळ्या पाठीवर जड माणूस नको, हा आबांचा नियम. तुमचे आजोबा जळगावला, आणि गावात असते तरी माडीवर असते. आबा ओट्यावर बसून विचार करत होते. मी आत चुलीपाशी होते. अक्का मध्ये उंबऱ्यावर गहू निवडत होत्या.

"घरात सगळ्यात हलकं माणूस कोण आहे?" आबांनी विचारलं.

अक्कांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "पुस्तकं वाचून वाचून हिच्या अंगावर मांस राहिलं नाही. त्याचा एकदा काही उपयोग होऊ दे."

इथे तुम्हाला त्या वेळची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही. सून सासऱ्यांसमोर पदर डोक्यावर घेऊन उभी राहायची आणि त्यांच्याशी सरळ बोलायची नाही. सासरेही सुनेशी सरळ बोलायचे नाहीत आणि तिच्याकडे मान वर करून पाहायचे नाहीत. काही सांगायचं असलं तर मध्ये अक्का. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी आबा म्हणायचे, "अक्का, सुनेला सांग, ताक आंबट झालंय." अक्का मला सांगायच्या, "ताक आंबट झालंय." मी अक्कांना सांगायची, "उद्या गोड करते." अक्का आबांना सांगायच्या, "उद्या गोड करते." ताक तेवढ्यात आणखी आंबट व्हायचं. यात मान होता, आणि आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. शेजारच्या नानांनाही तीच रीत लागू: दुसऱ्याच्या सुनेकडे बघणं म्हणजे त्याहून वाईट.

आधी मला तांबडीवर बसवून शिकवायचं ठरलं. नऊवारीचा काष्टा घोड्यावर बसायला साहेबाच्या मडमेच्या झग्यापेक्षा शंभरपटीने सोयीचा. मी पदर डोक्यावर खोचला, ओट्यावरून खोगिरावर बसले, पाय रिकिबीत घातले आणि तांबडी निघाली. तिने चाल धरली. आणि मी, जी कित्येक दुपारी लोडावर याच क्षणाची तयारी करत होते, ती उठायला आणि बसायला लागले.

आता विचार करा. घोडी पाटासारखी सपाट चालली आहे. तिच्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला तरी हिंदकळणार नाही. आणि वर एक बाई, चेहरा अत्यंत गंभीर, नजर समोर, उठते आहे आणि बसते आहे. का, ते घोडीलाही माहीत नाही. पुस्तकात लिहिलं आहे म्हणून. मला वाटत होतं, इतकं सहज जमतंय ते माझ्या सरावामुळे.

विहिरीवरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. एक म्हातारी ओरडली, "घोडी चाली राहिनी, तू कसाले उडी राहिनी वं माय?"

मी का उडते आहे, ते मी तिला वरूनच समजावलं: ही इंग्रजी पद्धत आहे.

"आसं व्हय," ती म्हणाली. आणि दुसरीला हळूच, पण मला ऐकू येईल असं, "इंग्रज ताक बी घोडावर बसीन करतस."

तांबडी जुनी आणि मुरलेली. माझ्या टाइमटेबलाकडे दिलं होतं तेवढंच लक्ष तिने माझ्या उड्यांकडे दिलं. ती आपली चाल चालत राहिली. आबा ओट्यावर बसून तिच्या पायांकडे पाहत होते, गुडघ्यांच्या वर नजर न नेता. पाय बरोबर पडत होते. "अक्का, सुनेला सांग, चांगलं आहे," ते म्हणाले. मला वाटलं, माझं कौतुक झालं.

मग लहानीची पाळी. ती कोवळी घोडी, पाठीवर आयुष्यात पहिल्यांदाच माणूस. तिचे कान सारखे मागे, माझ्याकडे: काय म्हणतेस, काय हवंय तुला? दोरी नुसती हलवली की वळायची. आबांनी अक्कांकरवी सांगितलं, जरा पुढे काढ. मी टाच लावली आणि, अर्थातच, उठायला-बसायला सुरुवात केली. लहानीने चार पावलं चाल धरली, गोंधळली, आणि मग दुडकायला लागली. धप, धप, धप, धप. आता पुस्तकातल्या आकृतीत आणि माझ्यात काही फरक उरला नाही. मला वाटलं, वा.

ओट्याशी परत आले तेव्हा आबा खाली मान घालून काठीने मातीत रेघा काढत होते. नाना शेजारी उभे होते. तेही खालीच बघत होते.

"हाई घोडी नही, आबा," नाना म्हणाले, "उखय शे." म्हणजे उखळ. "माझं ऐक. दोरी लाव."

"आणखी थोडे दिवस बघू."

"बघ. तोवर तुझी म्हातारी घोडी मरेल आणि तू इथेच बसशील, ओट्यावर. मी रोज येऊन सांगत जाईन, कपाशी बरी आहे."

आम्ही आणखी बघितलं. मी रोज लहानीवर बसले, रोज नेमाने उडले, आणि ती रोज दुडकली. आबा रोज पायांकडे पाहायचे आणि दोन आवाज ऐकायचे. मी कशी बसते हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, कारण बघायचं नाही तिथे विचारायचंही नसतं. नानांचंही तेच. अक्कांना वाटायचं, इंग्रजी शाळेत असंच शिकवत असतील, आणि उड्या मारल्याने पोरीला भूक तर लागते. विहिरीवरच्या बायका आबांना जाऊन सांगणार नव्हत्याच. फुकटचा तमाशा कोण बंद पाडेल? सगळ्या गावाला दिसत होतं ते फक्त दोन माणसांना दिसत नव्हतं, आणि तीच दोन माणसं घोड्यांतली जाणकार.

मग मला दिवस गेले. अक्कांनी घोडीवर बसणं बंद केलं, आणि सातव्या महिन्यात मी धुळ्याला माहेरी गेले. तुमचे बाबा तिथे जन्मले. मी तिकडे असतानाच तांबडी गेली. तुमच्या आजोबांनी येऊन सांगितलं, की आबा तिच्यापाशी बसून होते, आणि नंतर कित्येक दिवस त्यांनी शेताचं नावही काढलं नाही. ओट्यावरून उठून आतल्या खोलीत बसू लागले. मला वाटतं, माणूस ओट्यावरून आत गेला की घराला कळतं काय झालंय ते.

बाळाला घेऊन मी सासरी निघाले. धुळ्याहून नरडाण्यापर्यंत सर्व्हिस मोटार. तिथे तुमचे आजोबा जळगावहून आगगाडीने येऊन थांबले होते, आणि गावची बैलगाडी. गाडीच्या मागे लहानी बांधलेली.

"हिला कशाला आणलं?" मी गाडीवानाला विचारलं.

"आबांनी सांगितलं, घेऊन जा," तो म्हणाला. "उद्या नाना दोरी लावणार आहेत. आज तिला मोकळ्या पायाने फिरून येऊ दे म्हणाले."

म्हणजे आबांनी हार मानली होती. गाडी निघाली. गाव अर्ध्या वाटेवर असताना नाल्याच्या रेतीत गाडीचं चाक रुतलं. बैल मारून-मुटकून ओढायला लावले, तर आसच मोडला. ऊन उतरायला लागलं होतं. बाळ झोळीत माझ्या छातीशी बांधलेलं, नुकतंच रडून-रडून झोपलेलं. मोटारीत आणि मग गाडीतही सगळा वेळ ते किंचाळत होतं, आणि झोपलं होतं ते केवळ दमून.

"चालत जाऊ," तुमचे आजोबा म्हणाले.

"मला चालवत नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

दोघांनीही लहानीकडे पाहिलं. आजोबांनी तिची दोरी धरली, हे त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यांत मोठं धाडस. हात पूर्ण लांब, तोंड दुसरीकडे. गाडीवानाने मला उचलून बसवलं. खोगीर नव्हतं, नुसती घोंगडी. रिकिबी नव्हत्या.

"हे बघ," आजोबा म्हणाले, "काही केलं तरी याला उठवू नकोस. गाडीत जे झालं ते पुन्हा झालं तर मी नाल्यात जाऊन बसेन."

म्हणून मी हलले नाही. उठायला रिकिबीच नव्हत्या, पण असत्या तरी हलले नसते. मी ज्वारीच्या पोत्यासारखी बसले. घोडेस्वारी, इंग्रजी, आकृत्या, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. बाळाच्या टाळूवर हात आणि मनात एकच, हा उठता कामा नये. लहानी थोडी चालली. अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणून आजोबांनी पाय उचलले. ते झपझप चालायला लागले, मग अर्धवट पळायलाच. लहानीने वेग धरला. मी डोळे मिटले, कारण आता धप-धप सुरू होणार. झालं नाही. खालची पाठ नुसती पुढे सरकत होती, होडी सरकते तशी. मला वाटलं, ही थकली असेल.

गावात शिरलो तेव्हा अक्का दारात होत्या. आबा आत. आजोबा धापा टाकत आले, मागे लहानी, वर मी. आणि आतून आवाज आला, "गप रहा बठ्ठा!" बठ्ठा म्हणजे सगळे. आम्ही थांबलो. "थांबू नका!" आवाज आणखी मोठा. "चालू द्या!"

काठीचा आवाज आला. आबा ओट्यावर आले. आजोबांनी लहानीला पुढे काढलं, कोपऱ्यापर्यंत नेलं, परत आणलं. चार टापा, चारही सुट्या. आबा पायांकडे पाहत होते. मग, मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, त्यांनी मान वर केली. नातू बघायला केली होती, पण नातू माझ्या छातीशी होता, त्यामुळे मीही दिसले.

"पोऱ्या जपेल शे?" त्यांनी विचारलं. अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. मध्ये अक्का नव्हत्या. प्रश्न सरळ मला होता.

"जपेल शे," मी म्हणाले. माझं अहिराणीतलं पहिलं वाक्य.

आबा माझ्याकडे पाहत राहिले. मग बहिणीकडे वळले. "अक्का, ही आधी अशीच बसायची?"

"अशी?" अक्का म्हणाल्या. "अशी कुठे? ही तर..." आणि त्या सत्तरीच्या बाईने ओट्याच्या कडेवर बसून, दोन्ही हातांत नसलेला लगाम धरून, चेहरा माझ्यासारखा गंभीर करून, उठून-बसून दाखवलं. उठल्या, बसल्या. उठल्या, बसल्या. विहिरीवरच्या त्या म्हातारीने लांबून टाळ्या वाजवल्या.

आबांना आधी समजलं नाही. मग समजलं. ते हसायला लागले ते थांबेचनात. खुबा दुखायला लागला तरी थांबेनात. एक हात खुब्यावर, एक हात डोळ्यांवर. "अरे, तिला वाटलं," ते मध्येच म्हणायचे, "तिला वाटलं, वरच्या बाईला हेच पाहिजे..." आणि पुन्हा हसायचे. बाळ उठलं आणि रडायला लागलं, पण आता त्याची कुणाला पर्वा नव्हती. मीही हसले. काही वेळाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दोरी घेऊन आले. आबा अंगणात लहानीवर बसलेले होते, गड्याने धरलेली म्होरकी त्यांनी हातात घेतली होती. "नाना," ते म्हणाले, "दोरी आणलीस ते बरं केलंस. विहिरीच्या पोहऱ्याचा दोर तुटलाय, तिथे लागेल. मी जरा कपाशी बघून येतो." आणि ते गेले. परत आले ते दुपारी, पाटी भरून बोरं घेऊन, आणि जेवायला बसले.

अक्का त्यानंतर मरेपर्यंत सांगायच्या, की त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. मी लहानीवर आणखी पुष्कळदा बसले, पोत्यासारखी, आणि लोक म्हणायचे, सूनबाई छान बसतात. तुमच्या बाबांना आठवतं ते एवढंच. छान बसणं म्हणजे काहीही न करणं, हे मला दुसऱ्या कुठल्याही कामात पुन्हा जमलं नाही.

आबा शेवटच्या आजारापर्यंत, आणखी बरीच वर्षं, रोज शेतावर गेले. स्वातंत्र्य आलं तेव्हा ते नव्हते. लहानी होती, म्हातारी, दाणा भिजवून खाणारी. तिला दोन शिंगरं झाली, दोन्ही घोड्या, दोन्ही मोकळ्या पळत वाढल्या. एक सावद्याला गेली. दुसरीच्या वंशातली एक घोडी आज शिंदखेड्याकडच्या एका माणसाकडे आहे. तो तिला लग्नाच्या वरातीत भाड्याने देतो, आणि ती नाचत नाही म्हणून लोक कुरकुर करतात. मी मुद्दाम जाऊन पाहिली. घरी परत नेताना तो तिला वेगात काढतो, तेव्हा चार टापा पडतात, चारही सुट्या.